हिरवळीचे सोंग

आमच्या भागात 'लॉन' या शब्दाचा अर्थ लग्न असा आहे. चाकणपासून पिंपरी-चिंचवडपर्यंत आणि वाकडपासून आमच्या माणपर्यंत कोणत्याही रस्त्याने जा. अमुक लॉन्स, तमुक लॉन्स अशा कमानी लागतात. आत गेले की पाहुण्यांच्या पायांखाली हिरव्या रंगाची चटई असते आणि त्या चटईखाली गुदमरून पिवळे पडलेले खरे गवत असते. या लॉनबद्दल माझी तक्रार नाही. तेथे निदान जेवण मिळते.

माझे भांडण दुसऱ्या लॉनशी आहे. तेथे जेवण तर नाहीच, पण पाय ठेवायचीही बंदी आहे. दिवाळी अंकात गवतावर भांडण काढता होय, असे कुणी विचारील. पण आपल्या दिवाळीचा आरंभ वसुबारसेने होतो. गाय-वासराला ओवाळायचे, नैवेद्य दाखवायचा आणि त्यांच्या वैरणीचा विषय निघाला की नाक मुरडायचे, हा कुठला न्याय? लाडू-चकल्यांच्या ताटाशेजारी ठेवून हा लेख वाचावा. तो तिखट लागला तर लाडू जवळच आहे.

माण हे मुळशी तालुक्यातले गाव. हिंजवडीचे आयटी पार्क वाढत वाढत तिसऱ्या टप्प्याला आमच्या शिवारात उतरले. मागोमाग उंच इमारती आल्या, मेट्रोचे कारशेड आले आणि प्रत्येक इमारतीपुढे हिरव्या रंगाचा एक चौकोन आला. जाहिरातीच्या चित्रात हा चौकोन इमारतीपेक्षाही मोठा असतो. त्यावर एक गोरेगोमटे कुटुंब आणि एक कुत्रा बसलेला असतो. प्रत्यक्षात त्या चौकोनावर फक्त माळी असतो. त्याच्या हातात पाण्याची नळी असते आणि कोपऱ्यात पाटी असते : 'गवतावर चालू नये.'

आता हा चौकोन मी ज्या शाळेत शिकवतो तिच्या मैदानापर्यंत येऊन पोहोचला आहे. एका कंपनीने आमच्या वीस गुंठ्यांच्या मैदानावर स्वखर्चाने लॉन करून देण्याची तयारी दाखवली आहे. हेतू चांगला आहे. तो वाईट असता तर लेख लिहिण्याचे कारणच नव्हते. नुसते 'नको' म्हणून भागले असते. दिवाळीच्या सुटीनंतर शाळा समितीची बैठक आहे. लॉन हवे की नको, हा विषय तिच्या कार्यक्रमपत्रिकेवर नाही. 'कोणते गवत निवडावे' एवढाच आहे. तेव्हा मीही त्या प्रश्नाचेच उत्तर देतो.

मी वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हे. मॅट्रिकच्या पुढे मी शाळेत शिकायला गेलो नाही, शिकवायला गेलो. कादंबऱ्या लिहितो, त्यांतही झाडांपेक्षा माणसेच अधिक. परंतु गवत ओळखायला पदवी लागत नाही. वाकावे मात्र लागते.

समितीपुढे जो कागद आला आहे त्यावर पहिले नाव आहे 'मेक्सिकन'. पुण्याच्या कोणत्याही रोपवाटिकेत जा, हे नाव आधी ऐकू येईल. वस्तुतः या गवताचा मेक्सिकोशी काडीचाही संबंध नाही. या नावाने जे विकले जाते ते बहुधा झोयसिया प्रजातीचे बारीक पात्याचे गवत असते. अठराव्या शतकातल्या कार्ल फॉन झोइस नावाच्या एका वनस्पती-अभ्यासकाच्या नावावरून त्या प्रजातीला हे नाव मिळाले. त्याचे माहेर आशियातल्या आणि पॅसिफिक महासागरातल्या किनाऱ्यांकडचे. म्हणजे शेजारच्या मुलीला परदेशी पोशाख चढवून ती विलायतेहून आली असे सांगण्याचा हा प्रकार. असो. नावात काय आहे? गुण पाहू. हे गवत मऊ आहे, दाट आहे, दिसायला मखमलीसारखे आहे. आणि ते अतिशय सावकाश वाढते. बागेत हा सद्गुण ठरतो, कारण कापण्याचे कष्ट वाचतात. मैदानावर हाच गुण दोष ठरतो. खो-खोच्या एका डावात उखडलेला तुकडा भरून यायला या गवताला महिनेच्या महिने लागतात. मग मुख्याध्यापक काय करतील? पाटी लावतील. पाटी हा या गवताचा दुर्गुण नसून त्याच्या स्वभावातून निघणारे अनुमान आहे. ज्या मैदानावर तीनशे मुले धावतात तेथे हे गवत लावणे म्हणजे मुलांना किंवा गवताला, दोघांपैकी एकाला, हाकलून देणे होय. गवतावर पैसे खर्च झालेले असतील, तेव्हा कोण हाकलले जाईल हे सांगायला नको.

कागदावरचे दुसरे नाव 'बरम्युडा'. नाव कसे भारदस्त आहे! समुद्र, जहाजे, बेपत्ता विमाने, सगळे डोळ्यांपुढे उभे राहते. त्याच्यापुढे कंसात शास्त्रीय नावही दिले आहे : सायनोडॉन डॅक्टिलॉन. त्यातला पहिला शब्द ग्रीक भाषेतल्या 'कुत्र्याचा दात' यावरून आला आहे आणि दुसरा 'बोट' यावरून. कारण त्याचा तुरा पसरलेल्या बोटांसारखा दिसतो. वाचकहो, हे साहेब कोण, ते ओळखलेत का? ही आपली हरळी! गणपतीला आपण एकवीसच्या जुड्या करून वाहतो त्या दूर्वा ह्याच. बरम्युडा बेटांवर तिचा जन्म झालेला नाही. ती आपल्या बांधावर आपले नाव घेऊन पिढ्यानपिढ्या उभी आहे.

मी ही गोष्ट गावातल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला सांगितली. त्याने आधी माझ्याकडे, मग त्या कागदाकडे पाहिले आणि म्हणाला, "गुरुजी, उभा जन्म ह्या हरळीच्या काशा येचण्यात गेला. आन् आता ती इकत घ्यायची म्हनता?"

पिकते तिथे विकत नाही, अशी आपली म्हण आहे. आता तिची पुढची पायरी आली आहे : पिकते तिथे ते तणनाशक मारून जाळतात आणि तेच दुसऱ्या नावाने गुंडाळून आणून विकत घेतात. एका बाजूला बांधावरची हरळी मरावी म्हणून फवारणी चालली आहे. मधे एक कुंपण. आणि कुंपणाच्या पलीकडे तीच हरळी जगावी म्हणून फवारे चालले आहेत. या दोन्ही कामांवर एकाच घरातले दोन भाऊ रोजंदारीने असतात, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे.

न्यायाने सांगायचे तर बरम्युडा म्हणून जे विकतात त्यात काही सुधारलेले संकरही असतात. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टन या गावी आपल्या हरळीचा आफ्रिकेतल्या तिच्या एका बहिणीशी संकर करून काही वाण तयार करण्यात आले. त्यांतला टिफवे नावाचा वाण १९६० साली बाहेर पडला आणि जगभरच्या गोल्फच्या मैदानांवर पसरला. त्याला बी धरत नाही. त्याच्या काड्याच लावाव्या लागतात. गोल्फ खेळणाऱ्यांनी तो अवश्य लावावा. आमची मुले कबड्डी खेळतात.

तिसरी सूचना समितीच्या एका तरुण सभासदाची. त्यांनी मोबाईलवर एक पाकीट दाखवले : केंटकी ब्लूग्रास, घरपोच बियाणे. चित्र तर इतके सुंदर की ते पाकीटच भिंतीवर टांगावे. पण गवतांच्या दोन जाती असतात, थंडीच्या आणि उन्हाच्या, हे त्या पाकिटावर लिहिलेले नव्हते. ब्लूग्रास, रायग्रास, फेस्क्यू ही थंड मुलखातली गवते. डिसेंबरात पेरली तर ती माणमध्येही उगवतील, हसतील, फोटो काढून घेतील. मार्चचे ऊन लागले की माना टाकतील आणि एप्रिल-मेमध्ये त्यांचे तेरावे घालावे लागेल. हरळी, झोयसिया, रुंद पात्याचे कार्पेट ग्रास ही उन्हाची गवते. पुण्यात लॉन करायचेच तर यांतलेच एखादे निवडावे लागते. कोणतेही बी घेण्यापूर्वी ते कोणत्या ऋतूचे, हा पहिला प्रश्न विचारावा. सोयरीक जमवताना आपण घराणे विचारतोच की!

मुळात ही लॉनची हौस आली कोठून? तिचे घर इंग्लंड. तेथे पूर्वी मेंढ्या चरून आणि मजूर विळ्यांनी कापून श्रीमंतांच्या वाड्यांपुढचे गवत आखूड ठेवीत. १८३० साली एडविन बडिंग नावाच्या कारागिराने गवत कापण्याचे यंत्र काढले. ती कल्पना त्याला कापडाच्या गिरणीत लोकरी कापडाची लव छाटणाऱ्या यंत्रावरून सुचली. म्हणजे लॉन जन्मापासूनच कापडाच्या नात्यातले आहे. जमिनीला नेसवलेले उंची वस्त्र. त्यामागचा अभिमानही वस्त्राचाच होता : माझ्याकडे एवढी जमीन आहे की तिच्यात काही पिकवले नाही तरी चालते! साहेबाने तो अभिमान पेटीत घालून येथे आणला, कँपातल्या बंगल्यांपुढे पसरला आणि त्याला पाणी घालायला आपली माणसे ठेवली. साहेब गेला. त्याचा अभिमान मागे राहिला आणि आता सदनिकेबरोबर चौरस फुटांच्या भावाने विकला जातो.

पण साहेबाच्या देशात त्या हौसेला आकाशाची साथ होती. येथे मला एक मौजेची गोष्ट सांगितली पाहिजे. लंडनला वर्षभरात सुमारे ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. पुण्याला त्याहून जास्त, ७०० च्या आसपास. आमचे माण तर सह्याद्रीच्या आणखी जवळ. म्हणजे पावसात आपण लंडनपेक्षा श्रीमंत! मग तेथली हिरवळ बारा महिने आणि आपली चारच महिने, असे का? कारण तेथे पाऊस महिन्याच्या पगारासारखा येतो आणि आपल्याकडे सुगीसारखा. तेथे थोडा थोडा, वर्षभर. येथे जून ते सप्टेंबरमध्ये जवळजवळ सारा. नंतरचे आठ महिने आपली जमीन साठवणीवर जगते. ज्या गवताला हे आठ महिने कसे काढायचे ते कळते ते आपले गवत. हरळीला ते कळते. उन्हाळ्यात ती वरून वाळते, पिवळी पडते आणि जमिनीखालच्या काशांमध्ये जीव धरून बसते. वळवाचा एक पाऊस झाला की आठवड्याभरात पुन्हा डोके वर काढते. तिचे ते पिवळे पडणे हे मरण नव्हे. ती झोप आहे. झोपलेल्या माणसाला मेला समजून तोंडावर पाणी ओतत बसणे, याला आपण बागकाम म्हणतो.

आता थोडे गणित. मास्तराच्या लेखात गणित असायचेच. वाचकांनी पाने उलटू नयेत, कारण सगळी मेख येथेच आहे. पुण्याच्या एप्रिल-मेच्या उन्हात लॉन हिरवे ठेवायचे तर दर चौरस मीटरला रोज चार ते पाच लिटर पाणी लागते. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. म्हणजे गुंठ्याला रोज ४०० ते ५०० लिटर. शहरात दर माणशी दररोज १३५ लिटर पाणी मिळावे, असा दंडक आहे. म्हणजे एक गुंठा गवत तीन शहरी माणसांचे पाणी पिते. खेड्यांसाठी २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने माणशी ५५ लिटरचा दंडक ठरवला. त्या हिशेबाने तोच गुंठा आठ खेडुतांचे पाणी पितो. आमचे मैदान वीस गुंठ्यांचे. म्हणजे रोज आठ ते दहा हजार लिटर : सुट्या, रविवार, परीक्षा, काही न वगळता रोज एक टँकर. खेड्याच्या मापाने दीडशे माणसांच्या घागरी आम्ही शाळेच्या अंगणात ओतणार. फेब्रुवारीपासून मे अखेरपर्यंतची बेरीज सुमारे दहा लाख लिटर होते.

दहा लाख लिटर म्हणजे किती, हे मुलांना कसे समजवावे असा मला प्रश्न पडला होता. उत्तर २०१६ सालच्या दुष्काळात सापडले. त्या वर्षी लातूरला पिण्याचे पाणी उरले नाही, म्हणून मिरजेहून आगगाडीने पाणी पाठवावे लागले. १२ एप्रिलला पहिली गाडी लातूरला पोहोचली. तिच्या दहा टाक्यांत पाच लाख लिटर पाणी होते. तिच्यासारख्या दोन गाड्या भरतील एवढे पाणी आमच्या एका मैदानावरचे गवत एका उन्हाळ्यात पिईल!

आणि योगायोग पाहा. गाडी लातूरला पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी, १३ एप्रिल २०१६ रोजी, मुंबई उच्च न्यायालयाने आदेश दिला की ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे क्रिकेट सामने महाराष्ट्राबाहेर न्यावेत. मैदानाच्या गवताला आणि खेळपट्टीला लागणारे पाणी हा त्या वादाचा विषय होता. ज्या मैदानांवरचे सामने गेले त्यांत आमच्या माणपासून फार दूर नसलेले गहुंजेचेही होते. त्या वेळी पुष्कळ लोक चिडले. सामने हलवून लातूरला पाणी मिळणार आहे का, असे विचारू लागले. प्रश्न खोटा नव्हता. गहुंजेचे पाणी लातूरला पोहोचणार नव्हतेच. तरीही त्या आदेशाने एक गोष्ट चारचौघांत बोलली गेली : हिरव्या रंगाला किंमत असते, आणि ती कुणीतरी देत असतो. गहुंजेला ती न्यायालयात विचारली गेली. आमच्या शाळेत ती विचारायला न्यायालय यायचे नाही. म्हणून मी विचारतो.

माझ्या विरुद्ध बाजूचे म्हणणे मी पुष्कळ ऐकले आहे, आणि ते सगळेच टाकाऊ नाही. पहिले म्हणणे असे : मोठ्या वसाहती सांडपाणी शुद्ध करून तेच बागेला घालतात, मग यात वाया काय जाते? जेथे तसे यंत्र खरोखर चालू आहे, आणि पाहुणे आले तेवढ्यापुरते चालू केलेले नाही, तेथे माझी हरकत निम्मी होते. पण ते पाणी आधी संडासांच्या टाक्यांना आणि झाडांना मिळावे, उरेल ते गवताला. झाड पाणी पिऊन सावली देते. लॉन पाणी पिऊन पाटी देते. शिवाय आमच्या शाळेत असले यंत्र नाही. आमच्याकडे मुलांना पिण्याच्या पाण्याचे चार नळ आहेत, त्यांतले दोन गळतात.

दुसरे म्हणणे धुळीचे. उघड्या मैदानावर धूळ उडते, मुलांना खोकला होतो, गुडघे फुटतात. हे म्हणणे शंभर टक्के खरे आहे आणि आयांचे आहे, म्हणून मी त्यापुढे मान लवतो. मैदानावर गवत हवेच. पण धूळ गवताच्या मुळांनी धरली जाते, गवताच्या रंगाने नव्हे. पिवळी हरळीही माती तेवढीच घट्ट धरते.

तिसरे म्हणणे सर्वांत नवे : मग प्लास्टिकचे गवत टाका, पाणीही नको, कापणेही नको. उन्हात या प्लास्टिकच्या गवतावर भर दुपारी अनवाणी उभे राहून पाहावे, म्हणजे युक्तिवादाची गरज राहणार नाही. खरे गवत आपल्या अंगच्या ओलाव्याने थंड राहते. प्लास्टिक नुसते तापते. त्याच्याखाली गांडूळ जगत नाही, त्याच्यावर साळुंकी उतरत नाही, आणि काही वर्षांनी ते झिजून त्याचा भुगा ओढ्याला जातो. लग्नाच्या चटईखालून गवत उपसून टाकायचे आणि चटईच कायमची ठेवायची, एवढाच त्याचा अर्थ.

हे सगळे ऐकून समितीतले एक वडीलधारे म्हणाले, "गुरुजी, पण पिवळे मैदान पाहुण्यांना बरे दिसत नाही." येथे खरे दुखणे बाहेर आले. आपल्याला गवत निवडायचे नाही. आपण कोण दिसावे, ते निवडायचे आहे. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, असे आपले जुने लोक म्हणत. आता पैसा आला, तेव्हा मी तीत दुरुस्ती सुचवतो : पाण्याचे सोंग आणता येत नाही. टँकर येतो तो कुठल्या तरी विहिरीतून, कुणाच्या तरी शिवारातून, खाली जाणाऱ्या कुठल्या तरी बोअरमधूनच येतो.

आणि पिवळ्या रंगाची लाज आपल्याला वाटू लागली तरी केव्हापासून? याच दिवसांत आपली मुले अंगणात मातीचा किल्ला करतात. त्यावर अळीव पेरतात, मोहरी टाकतात. चार-पाच दिवसांत तटबंदी हिरवीगार होते. मावळे उभे राहतात, शिवाजी महाराज सिंहासनावर बसतात. भाऊबीज झाली की ती हिरवळ सुकू लागते. तेव्हा कुणा पोराने टँकर मागवल्याचे मी ऐकलेले नाही. हिरवळ ही आली की साजरी करायची आणि गेली की पुढच्या वर्षाची वाट पाहायची वस्तू आहे, हे सात वर्षांच्या पोराला कळते. श्रावणाला आपण डोक्यावर घेतो ते तो बारा महिने राहत नाही म्हणूनच.

या तालुक्याला तर गवताबद्दल कुणी शिकवू नये. भात, नाचणी, ज्वारी, ऊस, बांबू ही सारी गवताच्याच कुळातली. 'आमच्या जमिनीत कोणते गवत लावावे' या प्रश्नाला मुळशी-मावळने पिढ्यानपिढ्या एक उत्तर दिले : आंबेमोहोर. त्या गवताच्या वाफेने स्वयंपाकघर दरवळत असे. ती भातखाचरे वाचवण्यासाठी याच तालुक्यात १९२१ साली सत्याग्रह झाला. सेनापती बापट त्याचे पुढारी होते. धरण झालेच, खाचरे पाण्याखाली गेली आणि ते पाणी सह्याद्रीपलीकडे विजेसाठी गेले. तेव्हा पाण्याखाली न गेलेली खाचरे आता सिमेंटखाली चालली आहेत. त्याचा दोष मी गवताला देत नाही, आणि नोकरीसाठी येथे आलेल्या तरुण बिऱ्हाडांना तर मुळीच देत नाही. त्यांची मुले माझ्या वर्गात आहेत. पण ज्या जमिनीने दोन वेळचा भात दिला तिच्या उरलेल्या तुकड्यावर, ज्याचा दाणा कुणाच्या पोटात जात नाही आणि ज्यावर पायही ठेवायचा नाही, असे गवत टँकरने जगवायचे असेल, तर त्याआधी थोडे थांबून विचार करावा, एवढे मागण्याचा मला हक्क आहे.

नुसते भांडून बैठक संपत नाही. पर्याय द्यावा लागतो. तो असा. मैदानाचे दोन भाग करावेत. पहिल्या पावसाळ्यात एका भागावर हरळी लावावी, दुसऱ्यावर मुलांनी खेळावे. पुढच्या वर्षी उलट. हरळीसाठी पैसे लागणार नाहीत. शेतकरी मजुरी देऊन ती उपटत असतात; त्यांच्याकडून गाडीभर मागून आणावी. मात्र जेथे तणनाशक मारले आहे तेथली घेऊ नये, आणि मातीबरोबर लव्हाळ्याच्या गाठी येऊ देऊ नयेत. एकदा लव्हाळा घुसला की पाहुणा घरमालक होतो. चांगला पाऊस लागल्यावर दोन-तीन पेरांचे तुकडे करून वीतभर अंतरावर दाबून लावावेत. गवत तीन-चार बोटे वर आले की वरचा तिसरा हिस्सा कापावा. त्याहून जास्त एकदम कधीही कापू नये. पहिला पावसाळा त्यावर कुणी जाऊ नये. नंतर सगळ्यांनी जावे. हरळी जमिनीच्या वरूनही पसरते आणि खालूनही. तुडवली तरी भरून येते. तिला एकच गोष्ट सोसत नाही, ती म्हणजे सावली. इमारतीच्या सावलीत तिचा हट्ट धरू नये. तेथे पालापाचोळा पसरून बाक ठेवावेत. उतारावर वाळा लावावा, त्याची मुळे पुरुषभराहून खोल जाऊन माती धरतात. कुंपणाकडेचा एक पट्टा मारवेल, पवन्या, कुसळ अशा आपल्या माळावरच्या गवतांसाठी मोकळा सोडावा आणि दिवाळीनंतर एकदाच कापावा. सेंट झेवियर्स महाविद्यालयातले धर्मगुरू-प्राध्यापक ब्लॅटर आणि त्यांचे सहकारी मॅक्कॅन यांनी मुंबई इलाख्यातल्या गवतांवर 'द बॉम्बे ग्रासेस' हा आख्खा ग्रंथ लिहिला. तो १९३५ साली निघाला. परक्या मुलखातून आलेल्या माणसाला आपले गवत ग्रंथाएवढे वाटले. आपण त्या माळांना सरकारी कागदात 'पडीक' म्हणतो.

आणि देणगीचे काय? ती अवश्य घ्यावी. कंपनीला हिरवे काही करायचे आहे ना? मैदानाच्या कडेने करंज आणि कडुनिंब लावावेत. पहिली तीन वर्षे त्यांना पाणी द्यावे. छपराचे पावसाचे पाणी साठवायला टाकी बांधावी. मुलांचे नळ दुरुस्त करावेत. कंपनीच्या नावाची पाटी नळावर लावावी. तहानलेला माणूस तिच्याकडे रोज कृतज्ञतेने पाहील. लॉनवरच्या पाटीकडे कुणीही प्रेमाने पाहिल्याचे मला आठवत नाही.

तेव्हा बैठकीसाठी ठराव येथेच लिहून ठेवतो. 'शाळेच्या मैदानावर हरळी लावण्यात यावी. ती उन्हाळ्यात पिवळी पडेल, ते ही सभा मान्य करीत आहे. तिला जगवण्यासाठी टँकर मागवण्यात येऊ नये. मैदानावर पाटी लावण्यात येऊ नये.' सूचक म्हणून माझे नाव घालावे.

अनुमोदक हवा आहे.